जोडीतले एक फूल

काल संध्याकाळी वाडीमागच्या शेतात कोणीतरी पोपटी लावली. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा भरायच्या, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. मग जो वास सुटतो, तो आला की आमच्या चौलात थंडी आली असे समजतात. पंचांग पाहावे लागत नाही. पूर्वी या वासाने माझे पाय आपोआप शेताकडे वळत. आता मी खिडकी लावून घेते. धुराने खोकला येतो. आणि यंदा धुराबरोबर वहिनी येते. गेल्या महिन्यात अलिबागला ती वारली. झोपेत, कोणाला त्रास न देता, जशी वागली तशीच.

आयुष्यभर मी इतरांच्या मुलांचे निबंध तपासले. स्वतः काही लिहावे असे फार उशिरा वाटले, आणि वाटले तरी धीर होत नसे. आज बसले आहे ते एका थंडीसाठी. ज्या थंडीत आमच्या शेजारच्या बंगल्यात एक रशियन बाई राहायला आल्या, ती थंडी.

त्या वेळी समुद्राच्या पोटात तेल आहे का, हे शोधणारी एक बोट आमच्या किनाऱ्यासमोर फिरत असे. तिच्यावर रशियातून आलेले तज्ज्ञ होते. त्यांतल्या एकाच्या पत्नीला मुंबईची हवा मानवली नाही, म्हणून आमच्या वाडीला लागून असलेला एका शेटजींचा रिकामा बंगला त्यांनी काही महिने भाड्याने घेतला. नवरा बोटीवर आणि बाई एकट्या बंगल्यात, सोबतीला एक स्वयंपाकी. त्यांचे नाव तमारा पेत्रोव्हना. नावापुढे वडिलांचे नाव लावल्याशिवाय मोठ्या माणसाला हाक मारणे त्यांच्याकडे उद्धटपणाचे मानतात, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. आई म्हणाली, "मग आपल्यासारखंच की." तरीही ते लांबलचक नाव कोणाच्या जिभेवर बसेना, आणि त्या आमच्या तमाराबाई झाल्या.

घरात इंग्रजी येणारी मीच, नुकतीच बी.ए. झालेली. त्यांचेही इंग्रजी माझ्यासारखेच पुस्तकातून आलेले. आम्ही दोघी सारख्याच अडखळत असू, त्यामुळे मला त्यांची भीती वाटली नाही. नाहीतर परक्या माणसासमोर माझा आवाज घशातच राहत असे.

घर म्हणजे अण्णा, आई, मी आणि वहिनी. दादाला जाऊन चार वर्षे झाली होती. वहिनी तेव्हा तिशीच्याही आत होती. कपाळ मोकळे, हात मोकळे, आणि दिवसभर हाताला काम. सुपारीच्या वाडीचे घर म्हणजे थंडीत पाहुण्यांची रांग. रामेश्वराला आलेले, दत्ताच्या डोंगरावर निघालेले, रेवदंड्याचा किल्ला पाहायला आलेले. सगळे वाटेत आमच्याकडे टेकत. अण्णा ओटीवरून आत सांगत, "चार पानं जास्त घ्या गं." ती चार पाने कोण घेते, हे त्या पाहुण्यांतल्या कोणीच कधी पाहिले नसेल. रात्री भांडी आवरल्यावर वहिनी मागच्या पायरीवर बसे आणि दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवी, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि तिला फक्त सांभाळायला दिले आहेत.

तिला एकच गोष्ट हवी होती. मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण देत. राहायला जागाही मिळे. होळीनंतर नवी तुकडी सुरू होणार होती. तिने दसऱ्याला आईजवळ विषय काढला, आईने अण्णांजवळ, आणि अण्णा म्हणाले, "बघू."

अण्णांचे 'बघू' हे आमच्या घरातले सर्वांत जड दार होते. ते लावलेले नसे आणि उघडेही नसे. एकदा मी धीर करून विचारले, तर म्हणाले, "कुमुद, लोक काय म्हणतील ते तुला कळत नाही. मुलगा गेला आणि सुनेला घराबाहेर काढली, असं म्हणतील. मला ते ऐकायचं नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. वाईट माणूस असता तर भांडणे सोपे गेले असते.

तमाराबाई पहिल्यांदा आल्या तो दिवस. अण्णांनी आयुष्यात कधी बाईच्या हाताला हात लावून नमस्कार केला नव्हता. पण परदेशी पाहुण्यांना तेच आवडते म्हणून ते सकाळपासून मनाची तयारी करत होते. त्या दारात येताच अण्णांनी उंबरठ्याच्या आतून हात पुढे केला. तमाराबाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. अण्णांचा चेहरा उतरला. गोऱ्या बाईला आपला हात नको आहे, दुसरे काय. इतक्यात त्या उंबरठा ओलांडून आत आल्या, अगदी अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. उंबरठ्यावरून हात मिळवला की त्या दोन माणसांत भांडण होते, असे त्यांच्याकडे मानतात. मी ते मराठीत सांगितले. अण्णांना आमच्या उंबरठ्यावरची शिंक आठवली असावी. ते पहिल्यांदाच हसले. "विचार, विचार तिला," ते म्हणाले, "उंबरठ्यावर बसलेलंही चालत नाही ना?" चालत नव्हते.

मग त्यांनी दाराशी बूट काढले. साहेबाची बायको आपण होऊन पादत्राणे काढते, हे पाहून आईला भरून आले. पण ते सुख क्षणाचे. तमाराबाईंनी पिशवीतून मऊ कापडी सपाता काढल्या, पायांत चढवल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या. आमच्याकडे वाडीत काम करणारी जानकी तेव्हा नारळ सोलत होती. ती म्हणाली, "गो बाय, चुलीपाशी सपाता? आता देव जातो घर सोडून."

"हळू बोल," आई म्हणाली.

"तिला काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

बाहेरच्या बुटांनी घर मळवायचे नाही, पण पाहुण्याला अनवाणी ठेवणे म्हणजे त्याला आजारी पाडणे, अशी त्यांची रीत. म्हणून स्वच्छ सपाता बरोबर आणलेल्या, आमच्या घराचा मान म्हणून. मी आईला समजावले. पुढे आम्ही बंगल्यावर गेलो तेव्हा दारात आमच्यासाठीही सपाता मांडून ठेवल्या होत्या. आईने त्या नाकारल्या नाहीत. पायांतही घातल्या नाहीत. चहा होईपर्यंत त्या मांडीवर घेऊन बसली, एखाद्याचे तान्हे मूल घ्यावे तशी.

पहिल्या भेटीत त्या स्वयंपाकघरात गेल्या त्यालाही कारण होते. पाहुण्याने घरच्या बाईसाठी काहीतरी न्यायचे असते. त्यांनी चॉकलेटची वडी आणली होती, आणि चुलीपुढे जी दिसली तीच घरची बाई, या समजुतीने त्यांनी ती वहिनीच्या हातात ठेवली. वहिनीने ती लगेच आईपुढे धरली. इतक्या वर्षांत आमच्या घरी आलेल्या एकाही पाहुण्याने वहिनीला काही दिले नव्हते. द्यायचे असते असे कोणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

जेवायला बसल्यावर त्या ताटाला हात लावीनात. अण्णा आग्रह करून दमले. शेवटी मला म्हणाल्या, घरची बाई बसल्याशिवाय आम्ही पहिला घास घेत नाही. आई म्हणाली, "मी बसते की." आई बसली. तरी बाईंचा हात मांडीवरच. नजर वाढणाऱ्या वहिनीकडे. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मी पाटाच्या नक्षीकडे. पाहुणी उपाशी राहणे हे अण्णांना सोसण्यासारखे नव्हते. ते वहिनीकडे न पाहता म्हणाले, "तिलाही बसायला सांग." स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून वहिनी बसली. अर्धी आत, अर्धी बाहेर. मग तमाराबाई जेवल्या, आणि पानातले काहीही टाकले नाही. आम्ही वाढत होतो आणि त्या संपवत होत्या. पान रिकामे दिसले की वाढणे ही आमची रीत, वाढलेले संपवणे ही त्यांची. दोन्ही बाजूंनी कोणी माघार घेईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाक्याने येऊन ओव्याचा अर्क मागितला.

काही बाबतीत तर सांगावेही लागले नाही. आईने वालाच्या बिरड्याची वाटी धाडली, ती परत आली तेव्हा तिच्यात मुरंबा होता. आई म्हणाली, "भांडं रिकामं परत करत नाहीत, एवढं कळतं म्हणजे घर चांगलं आहे." ती एकच वाटी सगळी थंडी दोन घरांत येरझारा घालत राहिली. ती नेणारी-आणणारी वहिनी. बंगल्यात तमाराबाई तिला खुर्चीवर बसवून, काचेच्या पेल्यात कोरा चहा देत, मुरंब्याचा चमचा पुढे करत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तासभर बसून येई. "काय बोलता गं?" असे विचारले तर म्हणे, "काही नाही, वन्सं. नुसती बसते. तिथं कोणी उठवत नाही."

संक्रांत झाली आणि आईने हळदीकुंकू ठरवले. तमाराबाई सवाष्ण, तेव्हा बोलावणे आलेच. हळदीकुंकवाच्या दिवशी वहिनी पुढे येत नसे. कोणी 'येऊ नको' म्हणत नसे. आपापली जागा ज्याला त्याला ठाऊक असते. ती आत तिळगुळाच्या वाट्या भरून ताट दारापर्यंत आणून ठेवी, आणि मी ते पुढे नेई.

ओटी बायकांनी भरली होती. तमाराबाईंनी कुंकू लावून घेतले, अत्तराचा हात हुंगून पाहिला, तिळगूळ खाल्ला. आईने सगळ्यांना शेवंतीचे एकेक फूल दिले. तमाराबाईंसाठी मात्र तिने कुंडीतली दोन टपोरी, पिवळीजर्द फुले मुद्दाम राखली होती. सकाळी मला म्हणाली होती, "तिचा नवरा पाण्यावर असतो. जोडीनं द्यावं. जोडी राहू दे बिचारीची."

त्यांनी ती दोन फुले हातात घेतली आणि त्यांचा रंग उडाला. क्षणभरच. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. प्रत्येकीच्या डोक्यात फूल होते. दारात, हातात ताट घेऊन, एकटी वहिनी बिनफुलाची उभी होती. तमाराबाई उठल्या, बायकांमधून वाट काढत तिच्यापाशी गेल्या आणि त्या दोनांतले एक फूल तिच्या अंबाड्यात खोवले. वर तिच्या गालाला हात लावला.

ताट खाली पडले नाही, हे मला आजही नवलाचे वाटते. वहिनीचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे तिला फूल काढताही येईना. ओटीवर कोणाच्या बांगडीचाही आवाज नव्हता. मग आमच्या नात्यातल्या काशीकाकू, ज्यांना गावातल्या प्रत्येक घरातली प्रत्येक गोष्ट ठाऊक असे, म्हणाल्या, "आता कुंकूही लावा म्हणावं. म्हणजे झालंच."

मी आईकडे पाहिले. आई काही सुधारक बाई नव्हती. वहिनीच्या मोकळ्या कपाळाबद्दल ती रडे, पण तो नियम चूक आहे असे तिने कधी म्हटले नव्हते. तिने करंडा खाली ठेवला, पदर सारखा केला.

"पाहुणीच्या हातचं आहे, काशीताई. पाहुणीनं दिलेलं आमच्या घरात परत करत नाहीत."

"अगं पण..."

"तिळगूळ घ्या ना. अजून घेतला नाहीत."

आणि वहिनीला म्हणाली, "ताट पुढं आण. कुमुदची वाट कशाला बघतेस?"

वहिनी ताट घेऊन पुढे आली. डोक्यात पिवळे फूल. तिने एकेकीपुढे वाकून तिळगूळ धरला, आणि एकेकीने तो घेतला. काशीकाकूंनीही घेतला.

त्या रात्री आई तिला एवढेच म्हणाली, "फूल आता तुळशीपाशी ठेव हो." वहिनीने ते तुळशीपाशी ठेवले नाही. पाणी घातलेल्या तांब्यात ठेवले, आणि ते बरेच दिवस टिकले, शेवंती टिकते.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बरोबर घेऊन बंगला गाठला. त्यांना राग आला होता की काय, मला कळत नव्हते. तमाराबाईंनी आधी चहा दिला, मग सांगितले. त्यांच्याकडे जिवंत माणसाला विषम फुले देतात. दोन फुले फक्त थडग्यावर नेतात. नवरा समुद्रावर असताना दोन फुले घेऊन घरी जायचे त्यांच्याने होईना. एक कोणाला तरी द्यायला हवे होते, आणि वहिनीकडे एकही नव्हते.

म्हणजे आईने ज्या धास्तीने दोन दिली, त्याच धास्तीने त्यांनी एक काढले. दोघींना राखायचा होता तो एकच जीव.

मग मी, मान खाली घालून, वहिनीला फूल का चालत नाही ते सांगितले. त्यांनी पेला खाली ठेवला. नंतर खूप थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "युद्धानंतर आमच्या जिन्यावरच्या प्रत्येक घरात अशी बाई होती. माझी आईही. त्यांनी फुलं घ्यायची नाहीत असं ठरवलं असतं, तर आमच्या शहरात फुलं विकणारा उरला नसता." त्यांची आई ट्राम चालवत असे.

अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा ऐकले. विचारले, "आणि घर कोण बघत होतं?" उत्तर आले, "संध्याकाळी ती घरी येई. आम्ही तिची वाट बघत बसू. ती बसली की जेवायचो."

परतताना अण्णा वाटेत म्हणाले, "ट्राम."

माघ सरता सरता बोटीचे काम संपले, आणि तमाराबाई निघाल्या. आम्ही पोहोचवायला गेलो. सामान गाडीत चढले, ड्रायव्हर घाई करत होता, रेवसची लाँच चुकेल म्हणून अण्णाही कासावीस. आणि बाई म्हणाल्या, "बसा." हा एक मराठी शब्द त्यांना चांगला येत असे. सगळ्यांना बसवले. नवरा, स्वयंपाकी, ड्रायव्हर, आम्ही चौघे. कोणी खुर्चीवर, कोणी पेटीवर. कोणी बोलायचे नाही. बाहेर सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता, एवढेच ऐकू येई.

अण्णांनी नंतर हळूच विचारायला लावले: हे कशासाठी? त्या म्हणाल्या, माझी आजी सांगे की, घाईने उंबरठा ओलांडला तर घराला वाटतं हा पळून चालला, नाहीतर याला हाकलून दिलं. थोडं बसलं की घराला कळतं, हा सगळ्यांच्या संमतीनं जातो आहे. मग घर परत येऊ देतं.

ते मराठीत सांगताना माझी नजर वहिनीकडे का गेली, ते मला तेव्हा कळले नाही. अण्णांना कळले असावे. त्यांनी वहिनीकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले. जाताना तमाराबाईंनी आपल्या कापडी सपाता वहिनीला दिल्या. उंबरठ्याच्या आत उभ्या राहून.

होळीच्या आधी, जेवता जेवता, अण्णांनी पानातून वर न पाहता विचारले, "रेवसची सकाळची लाँच कितीला सुटते?"

आईचा हात वरणाच्या भांड्यावर थांबला.

"मी सूनबाईंना विचारतोय," अण्णा म्हणाले.

"मला माहीत नाही, मामंजी."

"मग माहीत करून घ्यायला हवं. जायचं तुम्हाला आहे."

निघण्याच्या दिवशी अंगणात अर्धी आळी जमली. काशीकाकू पुढे होत्या. आईने वहिनीच्या हातावर दही घातले. पत्र्याची पेटी जानकीच्या डोक्यावर चढली. वहिनी सर्वांच्या पाया पडली आणि दाराकडे वळली.

"थांबा," अण्णा म्हणाले. "पेटी खाली ठेव, जानकी. सगळे बसा."

"आता काय राहिलं?" काशीकाकू म्हणाल्या. "एस.टी. जाईल."

"जाऊ दे. दुसरी येईल. बसा, काशीताई. तुम्हीही बसा. सगळ्यांनी बसायचं आहे."

त्यांचा आवाज असा होता की काशीकाकूही ओटीच्या कडेला टेकल्या. वहिनी आपल्या पेटीवर बसली. अण्णा तिच्यासमोर, झोपाळ्यावर; झोपाळा पायाने धरून ठेवलेला. आळीतली माणसे अंगणात जिथे होती तिथे बसली. वाडीत सुपारीची एक झावळी गळून पडली, तिचा आवाज झाला. मग तोही राहिला नाही. त्या शांततेत, एक शब्दही न बोलता, गावाला जे सांगायचे ते अण्णांनी सांगून टाकले.

शेवटी ते उठले आणि म्हणाले, "हं. आता जा." आमच्याकडे निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत. त्यांना ते लक्षात आले, घाईघाईने म्हणाले, "या. म्हणजे परत या."

ती परत येत राहिली. दर गणपतीला, दर दिवाळीला, पुढे अलिबागच्या इस्पितळात नोकरी लागल्यावर दर रविवारी. अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची पाठ पुसायला तिचेच हात होते.

हे सगळे आज पुन्हा का उगाळायचे? मीही आता या घरातून निघाले आहे. माझे हे गेले त्याला नऊ वर्षे झाली, तेव्हापासून मी या माहेरच्या घरात एकटीच असते. गुडघे धड नाहीत. मुलगा म्हणतो की थंडी संपेपर्यंत तरी मुंबईला चल. थंडी संपल्यावर काय, ते तोही बोलत नाही आणि मीही विचारत नाही. मांडव्याहून दुपारची बोट आहे. रिक्षा दाराशी आली आहे.

सकाळी बाजारातून शेवंतीची दोन फुले आणली होती. वहिनीच्या तसबिरीसाठी. दोन, आता द्यायला हरकत नाही, असे चालता चालता मनाशी म्हटले होते. तसबिरीपुढे ठेवली आणि हात तिथेच राहिला. पुष्कळ वेळ ती दोन फुले पाहिली. मग एक उचलले. ते कुठे ठेवावे कळेना. घरात दुसरे कोणी नव्हते. आरशात न पाहताच ते माझ्या पांढऱ्या अंबाड्यात खोवले. नीट बसले नसेल.

"आई, चल ना," मुलगा दारातून म्हणाला. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिले. "रिक्षावाला थांबलाय."

"त्यालाही आत बोलाव," मी म्हटले. "आणि बस जरा."